बाह्य एसएसडी : जुन्या संगणकाचा वेग वाढविण्याची पद्धत

जुन्या डेस्कटॉप संगणकातील हार्ड डिस्क न काढता यूएसबी, थंडरबोल्ट किंवा तत्सम पोर्टला एसएसडी (हलते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) जोडून ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यावरूनच सुरू करण्याची पद्धत. फायली साठवण्यासाठी बाहेरून डिस्क जोडणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्यामुळे संगणकाचा वेग वाढत नाही. या पद्धतीत आतली हार्ड डिस्क कोठारापुरती उरते, तर सिस्टीम, प्रोग्रॅम आणि रोज लागणाऱ्या फायली बाहेरच्या एसएसडीवर जातात.

जुना संगणक संथ वाटण्याचे कारण पुष्कळदा प्रोसेसर नसून फिरती तबकडी असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पुरी होते. हवी ती माहिती हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर हाच काळ ५.६ मिलिसेकंद होतो. त्याआधी हेड योग्य मार्गावर सरकायला साधारण ८ ते १२ मिलिसेकंद गेलेले असतात. विखुरलेली माहिती वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच वाचने करू शकते. दर वेळी ४ किलोबाइटचा तुकडा उचलला, तर सेकंदाला अर्धा मेगाबाइटही हाती लागत नाही. मोठा चित्रपट सलग नकलताना हीच डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटचा टप्पा सहज ओलांडते, म्हणून ती नादुरुस्त आहे असे कुणाला वाटत नाही. पण सिस्टीम सुरू होताना हजारो लहान फायली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून मागवल्या जातात आणि त्याच वेळी अपडेट, शोधसूची व विषाणू-तपासणी हेडला आपापल्या दिशेने ओढत असतात. डेस्कटॉप दिसू लागल्यावरही मिनिटभर ऐकू येणारी बारीक कटकट ती हीच. एसएसडीत हलणारा भाग नसल्याने अशा वाचनाला मिलिसेकंदाचा एखादा दशांश पुरतो. या पद्धतीचा खरा लाभ प्रतीक्षेच्या या घटीत आहे; वेष्टनावर छापलेल्या सेकंदाला अमुक मेगाबाइट या आकड्यात तो शोधू नये.

उगम. पहिली एसएसडी कोणती, याविषयी एकमत नाही आणि मतभेद मुख्यतः व्याख्येचा आहे. काही लेखक १९७६ च्या सुमारास डेटारॅम कंपनीने आणलेल्या ‘बल्क कोअर’ला तो मान देतात. हे यंत्र डिस्कचे सोंग घेत असे, पण त्याच्या आत चुंबकीय कड्यांची कोअर स्मृती होती. दुसरा पक्ष स्टोरेज टेक्नॉलॉजीच्या १९७८ मधील ४३०५ या प्रतिरूपाकडे बोट दाखवतो. ते आयबीएमच्या २३०५ या स्थिर-हेड डिस्कच्या जागी बसावे म्हणून बनवले होते व त्याच्या मूळ रचनेत सीसीडी प्रकारचे अर्धवाहक घटक होते. कोअर स्मृती वीज गेल्यावर टिकते पण अर्धवाहक नाही. सीसीडी अर्धवाहक आहे पण वीज गेल्यावर टिकत नाही. दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या तर आजच्या एसएसडीचे कूळ फ्लॅश स्मृतीपासूनच मोजावे लागते, आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते.

फ्लॅश स्मृतीचा जनक म्हणून तोशिबातील फुजिओ मासुओका यांचे नाव सर्वमान्य आहे. वर्षाबाबत मात्र नोंदी वेगवेगळ्या आढळतात. १९८० च्या सुमाराचे पेटंट-अर्ज प्रमाण मानणारे तो काळ मागे नेतात, तर प्रकाशित निबंध धरणारे १९८४ हे वर्ष देतात. नॅन्ड ही रचना १९८७ मध्ये मांडली गेली, आणि आजच्या एसएसडी तिच्यावरच उभ्या आहेत. ‘फ्लॅश’ हे नाव मासुओकांचे सहकारी शोजी आरीइझुमी यांनी सुचवले. सगळी माहिती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, असे सांगतात. या सर्वांचा पाया असलेला, विद्युतभार धरून ठेवणारा फ्लोटिंग गेट हा घटक त्याहून जुना असून बेल प्रयोगशाळेत डॉन कांग व सायमन झी यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन केले होते. सॅनडिस्कने (तेव्हाचे नाव सनडिस्क) १९९१ मध्ये आयबीएमसाठी बनवलेली फ्लॅश एसएसडी अवघ्या २० मेगाबाइटची होती.

बाहेरून सिस्टीम चालवण्याची सोय एसएसडीपेक्षा स्वतंत्रपणे वाढली. ॲपलच्या मॅक संगणकांत २००० च्या आसपास फायरवायर या जोडणीवरून, तर २००६ पासूनच्या इंटेल मॅकमध्ये यूएसबीवरूनही बूट करता येई, म्हणजे सिस्टीम सुरू करता येई. दोन्ही धागे जुळून ही पद्धत रोजच्या उपयोगाची झाली ती साधारण २०१२ नंतर, असे मानायला हरकत नाही. इंटेलच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० अंगभूत आले ते त्याच वर्षी.

जोडणीचा मार्ग. २००० मधील यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइट मिळतात (८ बिटांचा एक बाइट). नोव्हेंबर २००८ मधील यूएसबी ३.० ने ती ५ गिगाबिटवर नेली. तिथे दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात, म्हणून वरची मर्यादा ५०० मेगाबाइट होते आणि चांगल्या केबलवर ४०० च्या पुढे मजल जाते. साध्या साटा (संगणकातल्या डिस्कची नेहमीची जोडणी) एसएसडीला एवढे जवळजवळ पुरते. अशा पोर्टसाठी एनव्हीएमई या अधिक वेगवान प्रकारची महागडी एसएसडी घेणे व्यर्थ आहे. हेच पोर्ट पुढे ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ या नावांनी ओळखले जाऊ लागले, त्यामुळे नावावर न जाता गिगाबिटचा आकडा पाहावा. केवळ यूएसबी २.० असलेल्या संगणकावर लहान फायलींचे वाचन हार्ड डिस्कपेक्षा चपळ होते, पण सलग वाचनात तीच हार्ड डिस्क पुढे असते. अशा यंत्रावर ही पद्धत सुचवणे कठीण आहे.

एसएसडी आणि यूएसबी यांच्यामध्ये पेटीत एक लहान ब्रिज चिप असते, आणि निम्मे यशापयश तिच्या हाती असते. जुनी ‘बल्क-ओन्ली’ पद्धत एका खिडकीसारखी चालते : एका आज्ञेचे काम पुरे झाल्याशिवाय दुसरी आज्ञा घेतली जात नाही. यूएएसपी या नव्या पद्धतीत अनेक आज्ञा एकाच वेळी रांगेत राहतात व सोयीच्या क्रमाने पुऱ्या होतात. सिस्टीम चालवताना असाच गर्दीचा भार येत असल्याने हा फरक जाणवतो. विंडोजमध्ये यूएएसपीची सोय विंडोज ८ पासून आहे. काही सदोष ब्रिज चिप्ससाठी लिनक्स ती सोय स्वतःहून बंद ठेवते.

बूट होण्याची अट. पोर्ट वेगवान असले तरी फर्मवेअरला (सिस्टीमच्या आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमला, जुन्या संगणकांत बायॉसला) ते ओळखता यावे लागते. जुन्या संगणकात यूएसबी ३.० चे कार्ड बसवले, तरी त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) सिस्टीम सुरू झाल्यावरच येतो. बायॉसच्या दृष्टीने ते कार्ड नसतेच, म्हणून त्यावरून बूट होत नाही. लिनक्सला बाहेरच्या डिस्कचे वावडे नाही. विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर मात्र यूएसबी डिस्कवर सिस्टीम घालण्यास नकार देतो. त्यासाठी असलेली ‘विंडोज टू गो’ ही सोय २०१२ मध्ये विंडोज ८ एंटरप्राइझबरोबर आली आणि विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत, म्हणजे मे २०२० मध्ये, काढून टाकण्यात आली.

या पद्धतीला सर्वांत अनुरूप यंत्र म्हणजे आयमॅक, पडद्यामागेच सगळा संगणक असलेला ॲपलचा डेस्कटॉप. २०११ पर्यंतच्या आयमॅकची पुढची काच चुंबकांनी धरलेली होती. २०१२ च्या अखेरीस आलेल्या पातळ रचनेत पडदा चिकटपट्टीने डकवला गेला आणि हार्ड डिस्क बदलणे हे धास्तीचे काम झाले. शिवाय मॅकओएस या मॅकच्या सिस्टीमच्या मोहावी आवृत्तीपासून (२०१८) हार्ड डिस्कवरही एपीएफएस ही फाइल-रचना लादली गेली. ती एसएसडी समोर ठेवून आखलेली असून फिरत्या तबकडीवर माहिती फार विखरते. ५,४०० फेऱ्यांची डिस्क असलेले आयमॅक २०१९ च्या प्रतिरूपापर्यंत विकले जात होते. त्यांच्या मालकांसाठी बाहेरची एसएसडी हाच सरळ उपाय आहे. टी२ ही सुरक्षा-चिप असलेल्या मॅकमध्ये मात्र बाहेरून बूट करण्याची परवानगी आधी स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीतून द्यावी लागते.

ज्या टॉवर संगणकाचे झाकण दोन स्क्रूंनी उघडते, तिथे एसएसडी आतच बसवणे इष्ट. साटाच्या ३ गिगाबिटच्या जुन्या पिढीतही सेकंदाला ३०० मेगाबाइटपर्यंत वाट मोकळी असते, आणि केबल निसटण्याचा प्रश्न उरत नाही.

दक्षता. चालू सिस्टीमखालून केबल निघाली तर संगणक जागीच गोठतो आणि लिहिले जात असलेली फाइल बिघडू शकते. म्हणून पेटी हलणार नाही अशा जागी ठेवतात. पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी ट्रिम आज्ञा यूएसबीवरून प्रत्येक ब्रिज चिप पुढे पाठवत नाही. मॅकओएस साटा एसएसडीला ती यूएसबीवरून सहसा देत नाही. डिस्क काठोकाठ न भरणे हा त्यावरचा साधा उपाय होय. कमी रॅमची अडचण एसएसडीने सुसह्य होते, मिटत नाही. यूएसबी ३.० च्या केबलमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे शेजारीच रिसीव्हर असलेला वायरलेस माउस अडखळू लागतो. रिसीव्हर दूरच्या पोर्टला लावला की तो सुधारतो.

यूएसबी ३.० च्या चौकोनी प्लगमध्ये जुने चार आणि नवे पाच असे नऊ संपर्क असतात. प्लग फार सावकाश खोचल्यास कधीकधी जुन्या चारांवरच जोडणी ठरते आणि एसएसडी यूएसबी २.० च्या गतीने चालत राहते. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. मॅकच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये त्या डिस्कपुढे ५ गिगाबिटऐवजी ४८० मेगाबिट दिसले, तर संगणक बंद करून प्लग काढावा व एका दमात पुन्हा घालावा.