भांग तुपातच का मुरते आणि उशिरा का चढते

कोजागरीला आमच्या राजेंद्रनगरच्या गच्चीवर दुधाचं पातेलं मध्यरात्रीपर्यंत आटत असतं. शेजारचे हिंदी बोलणारे भिया लोक त्याच रात्री शरद पौर्णिमेची खीर चांदण्यात ठेवतात. आमचं मसाला दूध, त्यांची खीर, आणि बारानंतर दोन्हीकडच्या वाट्यांची अदलाबदल, असा इंदुरी रिवाज. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या माझ्या काकांसाठी एका मित्राने भांगेची बर्फी आणली होती. काय आहे ते सांगूनच दिली. साडेनऊला काकांनी एक तुकडा खाल्ला. सव्वादहाला म्हणाले, "अरे, काहीच होत नाही. तुमच्या इंदूरची भांग म्हणजे नुसता पाला!" आणि दुसरा उचलला.

साडेअकराला ते कठड्याला टेकून गप्प बसले होते. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे दूध कालपासून उकळतंय का रे?"

काकांचा हिशेब नेमका कुठे चुकला, हे समजून घ्यायचं तर आधी स्वयंपाकघरात जावं लागेल.

भांग म्हणजे गांजाच्याच झाडाची पानं. मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्यावरच्या चिकट राळेचा चरस. नशा आणणारा रेणू तिन्हींत एकच, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल म्हणजे टीएचसी. फक्त पानांत तो बराच कमी. कायद्यानेही हाच फरक धरला आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस आले, नुसती पानं मात्र व्याख्येबाहेर राहिली आणि भांगेचा कारभार राज्यांकडे गेला. म्हणून मध्य प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं दिसतात आणि पुण्याचे पाहुणे त्यांच्या पाटीचा फोटो काढतात.

गंमत अशी की ताज्या पानात टीएचसी जवळजवळ नसतंच. तिथे असतं त्याचं आम्लरूप, आणि ते नशा आणत नाही. या रेणूला एक जादाची शेपटी असते. उष्णता मिळाली की ती कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते आणि मागे टीएचसी उरतं. रेणूचं वजन ३५८वरून ३१४वर येतं. मधले ४४ म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. उन्हात वाळवताना, साठवणीत हा बदल हळूहळू होतच असतो, पण खरा वेग येतो तो आचेवर. ११० अंशांच्या आसपास अर्ध्या तासात काम जवळपास पुरं होतं. उकळत्या पाण्यात मात्र तासन्‌तास लागतात, कारण पाणी आपल्या उत्कलनबिंदूच्या वर तापतच नाही. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणजे इथे पाणी ९८ अंशांवरच उकळायला लागतं. चूल कितीही पेटवा, पातेल्याच्या पोटात पाणी आहे तोवर पारा तिथेच अडतो.

इथे तूप कामाला येतं. घरी लोणी कढवलंय त्यांना तो आवाज माहीत आहे. आधी बारीक तडतड, कारण लोण्यातलं पाणी वाफ होऊन निघत असतं. मग आवाज शांत होतो, बेरी तांबूस होऊ लागते, आणि तिथून तापमान भराभर शंभरच्या वर चढतं. १८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने भांगेवर एक निबंध लिहिला. पाश्चात्त्य वैद्यकाला भांगेची नीट ओळख झाली ती त्यातून. त्यात माजूमची, म्हणजे भांगेच्या मिठाईची, कृती आहे. पानं, तेवढंच तूप आणि थोडं पाणी कोळशाच्या शेगडीवर ढवळत राहायचं; पाणी आटलं की भांड्याच्या कडेला तूप तडतडू लागतं, ती खूण. मग गरम असतानाच फडक्यातून पिळायचं, चोथा टाकायचा, आणि थिजलेलं हिरवं तूप पाण्याने धुवत राहायचं, धुवणाला रंग येईनासा होईपर्यंत. थर्मामीटर कुठेही नाही. माजूम करणारा कानाने तापमान मोजत होता. मला ही कृती वाचताना आजीच आठवते, तिच्या हातात भांग कधी आली नाही तरी.

ते धुणं विनाकारण नव्हतं. पाण्यात विरघळणारे कडू-तुरट पदार्थ पाण्याबरोबर निघून जातात. टीएचसी जात नाही, कारण पाण्याशी त्याचं अजिबात जमत नाही. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम विरघळतं. स्निग्धाशी मात्र त्याची गट्टी. तूप, खवा, लोणी, सायीचं दूध, बदामाचं वाटण, सगळीकडे ते सुखाने सामावतं. घोट्यासाठी, म्हणजे वाटलेल्या भांगेच्या पेयासाठी, पानं अनेक पाण्यांनी धुणारे आणि नंतर दुधात वाटणारे लोक याच गुणाचा दोन्ही बाजूंनी उपयोग करून घेतात. म्हणूनच भांगेचे पदार्थ पाहिले तर बर्फी, माजूम, थंडाई, रबडी. भांगेचं सरबत कोणी पाण्यात केलं असेल तर त्याच्या हाती बहुधा हिरवा रंगच लागला असेल.

आता काकांच्या पोटात जाऊ. चिलमीचा धूर फुप्फुसांतून थेट रक्तात उतरतो, मिनिटाभरात मेंदूत. बर्फीचा रस्ता लांबचा. जठर, मग आतडं, तिथे तूप पचताना त्याच्या बारीक थेंबांबरोबर टीएचसी शोषलं जातं, आणि मेंदूच्या आधी रक्त यकृताकडे जातं. यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. खाल्लेल्या टीएचसीपैकी शंभरातले जेमतेम पाच-दहा भाग जसेच्या तसे रक्ताभिसरणात पोहोचतात. एवढंच असतं तर खाल्लेली भांग मवाळ ठरली असती. पण यकृत मोडतोड करताना एक नवा रेणू बनवतं, ११-हायड्रॉक्सी टीएचसी. हाही नशा आणतो, आणि मेंदूत सहज शिरतो. धुरातून तो फार कमी बनतो, खाण्यातून भरपूर. त्यामुळे खाल्लेल्या भांगेची जात वेगळीच असते. सुरुवात अर्ध्या तासापासून दोन तासांत कधीही, जोर दोन ते चार तासांवर, आणि मुक्काम सहा-आठ तासांचा, कधी त्याहून जास्त.

काकांनी दुसरा तुकडा घेतला तेव्हा पहिला अजून वाटेतच होता. त्याआधी त्यांनी तुपात बुडवलेले चार बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, खाल्ले होते. भरल्या पोटी जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून सुरुवात आणखी लांबते. पण जेवणातलं तूप शोषण मात्र वाढवतं. 'गोडावर भांग चढते' असं आमच्याकडे म्हणतात. मला वाटतं तो साखरेवर आळ आहे; आपल्या मिठाईत साखरेबरोबर तूपही असतं, ते गुपचूप सुटतं.

माणसागणिक फरक वेगळाच. टीएचसी मोडणारं यकृतातलं एक मुख्य विकर (एन्झाइम) काहींच्यात जन्मतः मंद असतं. आई आणि वडील दोघांकडूनही मंद प्रत आली असेल, तर त्याच मात्रेला रक्तात टीएचसीचा एकूण साठा सुमारे तिप्पट होऊ शकतो. हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, आणि 'मला पचते' म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पण सगळ्यात मोठी अडचण मात्रेची आहे. समजा दहा ग्रॅम पानं घेतली. त्यांत टीएचसी एक टक्का असेल तर शंभर मिलिग्रॅम झाले, तीन टक्के असेल तर तीनशे. दिसायला दोन्ही पानं सारखीच हिरवी. कॅनडात असे खाद्यपदार्थ कायदेशीर आहेत, आणि तिथे अख्ख्या पाकिटात दहा मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपली बर्फी थाळ्यात थापताना तूप एका बाजूला जास्त उतरलं, तर एका कोपऱ्याचा तुकडा सौम्य आणि दुसऱ्याचा भलताच. तूप, आच, धुणं यांचं शास्त्र शेगडीजवळच्या हातांना शतकानुशतकं कळत आलं. हा आकडा मात्र जिभेला, नाकाला, कानाला, कशालाच कळत नाही. घरातल्या लहान मुलाला तर ती साधी बर्फीच दिसते, आणि मुलांच्या बाबतीत हे थेट दवाखान्याचं प्रकरण होतं. गरोदर बाई, हृदयाचा रुग्ण, गाडी चालवणारा, दारू घेतलेला, यांच्यासमोर ती ताटली येऊच नये.

टीएचसीची रचना १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. त्यासाठी पोलिसांनी पकडलेला पाच किलो चरस मेशुलाम बसमधून घेऊन आले होते. पुढे मेंदूत त्याचे ग्राही, म्हणजे हा रेणू जिथे जाऊन बसतो त्या जागा, सापडले. मग प्रश्न आला की झाडाच्या रेणूसाठी आपल्या मेंदूत कुलूप कशाला? १९९२ साली जेरुसलेमला मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत उत्तर मिळालं. मेंदू स्वतःच तशी किल्ली बनवतो. तिचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या 'आनंद'वरून.

हे ग्राही कुठे दाट आहेत ते पाहिलं की गच्चीवरचं दृश्य उलगडतं. स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत, हालचालींच्या आणि वेळेच्या अंदाजाच्या केंद्रांत. श्वास चालवणाऱ्या, मेंदूच्या बुंध्याच्या भागात ते विरळ, म्हणून अफूसारखा यात श्वास सहसा थांबत नाही. भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्येही ते आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं की एरवी 'पोट भरलं' सांगणाऱ्या चेतापेशीच टीएचसीसारख्या रेणूंच्या प्रभावाखाली उलट भूक चेतवू लागतात. भांग घेतलेला माणूस रात्री एक वाजता सराफ्याच्या खाऊबाजारात गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, दुसरी प्लेट का मागतो, ते यावरून कळावं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्या रात्री लिंबू आणायला सांगितलं. लिंबाच्या सालीतलं लिमोनिन टीएचसीची घबराट कमी करतं, असं २०२४ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं खरं, पण तिथे लोकांनी शुद्ध लिमोनिन वाफेतून हुंगलं होतं. लिंबूपाण्यात ते नगण्य. उतारा म्हणून घरात ठेवण्यासारखं काहीच नाही. शांत जागा, सोबत, पाणी आणि वेळ. छातीत दुखलं किंवा माणूस जागा होईना तर मात्र लिंबू शोधत बसायचं नाही, गाडी काढायची.

काकांना आम्ही खाली नेऊन झोपवलं. सकाळी दहाला उठले, पोहे-जिलबीच्या दोन प्लेटा संपवल्या आणि म्हणाले, "सांगितलं होतं ना, काही चढली नाही. चांदणं मात्र छान होतं." दुधाचं विचारलेलं त्यांना आठवत नव्हतं.