अँबियंट मिक्ससाठी सॉफ्टवेअरची निवड

अँबियंट म्हणजे ठेक्यापेक्षा लांबवलेल्या सुरांवर आणि वातावरणावर भर देणारे संथ संगीत; त्याचे वेगवेगळे ट्रॅक एकमेकांत मिसळून तयार केलेल्या सलग, दीर्घ ध्वनिमुद्रणाला अँबियंट मिक्स म्हणतात. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ साली आपल्या अल्बममालेला ‘अँबियंट’ हे नाव दिले. १९८९ च्या सुमारास लंडनच्या ‘हेवन’ क्लबमध्ये डीजे ॲलेक्स पॅटर्सन आणि त्यांचे सहकारी नाचून दमलेल्यांसाठी राखलेल्या दालनात असे मिश्रण तासन्‌तास वाजवू लागले. आता हे काम घरच्या संगणकावर होते. मात्र डीजेंसाठीची बहुतेक सॉफ्टवेअर ठेका गृहीत धरून बांधलेली असतात आणि या संगीतात तो पुष्कळदा नसतोच, त्यामुळे निवड जपून करावी लागते.

ट्रॅक्टर, सेराटो किंवा मिक्स्स (Mixxx) यांसारखे डीजे सॉफ्टवेअर ट्रॅकमधील ठेके मोजून त्याची गती ठरवते. ठेका नसलेल्या ट्रॅकलाही ते कुठला तरी आकडा चिकटवते आणि ‘सिंक’ (दोन ट्रॅकची गती आपोआप जुळवणारी सोय) चालू राहिल्यास त्या चुकीच्या आकड्याबरहुकूम ट्रॅक ताणते. लांबवलेले सूर अशाने खरखरीत होतात. म्हणून सिंक बंद ठेवणे ही पहिली अट होय. बर्लिनमध्ये घडलेल्या, २००१ साली आलेल्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये ‘वॉर्प’ (ट्रॅक ताणून गती जुळवणारी सोय) बंद केल्यास ट्रॅक मूळ गतीने वाजतो.

खरी कसोटी लागते ती क्रॉसफेडला, म्हणजे एक ट्रॅक उतरवत दुसरा चढवण्याला. एक ट्रॅक सरळ रेषेत उतरवला आणि दुसरा तसाच चढवला, तर मध्यावर दोन्ही ६ डेसिबलने खाली असतात आणि एकूण पातळी सुमारे ३ डेसिबलने खचते. नृत्यसंगीतात हा खड्डा चटकन निघून जातो. तीन मिनिटांच्या अँबियंट क्रॉसफेडमध्ये मात्र संगीत मधेच कोमेजल्यासारखे वाटते. समशक्ती वक्रात (एकूण शक्ती सारखी राखणाऱ्या चढ-उतारात) मध्याची घट प्रत्येकी ३ डेसिबल असल्याने पातळी टिकते, म्हणून हा वक्र निवडता येईल असेच सॉफ्टवेअर घ्यावे. विनामूल्य आणि मुक्तस्रोत असलेल्या मिक्स्समध्ये ती सोय आहे. खर्जाकडेही लक्ष हवे: ५५ आणि ५७ हर्ट्झचे दोन सूर एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, न जुळलेल्या तंबोऱ्याच्या तारांसारखे. अशा वेळी एका ट्रॅकचा खर्ज फिल्टरने कमी करावा, किंवा ‘की लॉक’ (गती बदलली तरी सूर तोच ठेवणारी सोय) काढून त्याची गती किंचित बदलावी. गती सुमारे ६ टक्क्यांनी वाढवली की सूर अर्ध्या स्वराने चढतो.

घरी काम करणाऱ्याला टाइमलाइनवर, म्हणजे पडद्यावरच्या कालरेषेवर ट्रॅक मांडून चालणारे सॉफ्टवेअर अधिक उपयोगी पडते, कारण न साधलेला जोड तिथे पुन्हा बसवता येतो. विनामूल्य ऑडॅसिटीमध्ये ट्रॅक एकाखाली एक ठेवून एन्व्हलपने (आवाजाची पातळी दाखवणाऱ्या रेषेने) चढ-उतार आखता येतात. रीपरमध्ये दोन तुकडे एकमेकांवर सरकवताच क्रॉसफेड आपोआप तयार होतो आणि त्याचा वक्र बदलता येतो. तरीही पडद्यावरच्या आकृतीकडे पाहून संथ भाग कापण्याचा मोह होतो, आणि या प्रकाराचा प्राण त्या संथपणातच आहे. म्हणून आधी कानांनी ऐकत मिक्स्समध्ये मिक्स मुद्रित करावे आणि नंतर फक्त बिघडलेले जोड टाइमलाइनवर दुरुस्त करावेत, ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

प्रत्येक ट्रॅकची पातळी आपोआप समान करणारी सोय इथे बंद ठेवावी. मुद्दाम हळू आवाजात ठेवलेली रचना तिने इतरांइतक्या मोठ्या आवाजात वाजते आणि तिच्यामागची टेपची सरसर वर येते. पातळी जुळवायची ती पूर्ण मिक्सची, तीही शेवटी एकदाच.