व्हीओसी मीटर: नवा सेन्सर टाकला की झालं?

व्हीओसी म्हणजे हवेत सहज उडणारी सेंद्रिय रसायनं; ती अतिनील दिव्याने आयनित करून मोजणाऱ्या पीआयडी मीटरचं रीडिंग घसरलं की ‘सेन्सर गेला, नवा टाका, कॅलिब्रेट होऊनच येतो’ असं प्लांटमध्ये सर्रास सांगतात. बऱ्याचदा नुसती दिव्याची काच मळलेली असते. मीटर सुरक्षित जागी बंद करा, १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे किरणांच्या ऊर्जेचं माप) दिवा काढा, मिथेनॉलमध्ये भिजवलेल्या कॉटन बडने काच पुसा, पूर्ण वाळू द्या. बोट मात्र लावू नका; तेलकट ठसा अतिनील किरण अडवतो. दमट हवेत रीडिंग उगाच चढत असेल, तर इलेक्ट्रोडवरची घाण बघा. सेन्सर खरंच बदललात, तरी स्वच्छ हवेवर शून्य आणि साधारणपणे १०० पीपीएम आयसोब्युटिलीन वायूवर स्पॅन (म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाशी रीडिंग जुळवणं) करावाच लागतो. मिथेनचं म्हणाल, तर तो आयनित व्हायला १२.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, दिव्याच्या १०.६ पेक्षा जास्त. नव्याकोऱ्या दिव्यालाही तो दिसत नाही.