धातू-हायड्राइडांद्वारे हायड्रोजन विलगीकरण

वायूंच्या मिश्रणातला हायड्रोजन तेवढा धातूत किंवा मिश्रधातूत शोषून घ्यायचा, उरलेले वायू बाहेर सोडायचे आणि मग धातू तापवून किंवा दाब उतरवून शुद्ध हायड्रोजन परत मिळवायचा, अशी ही पद्धत आहे. हायड्रोजन शोषून धातूचे जे संयुग बनते, ते हायड्राइड. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषतो, हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६० च्या दशकात दाखवले. पण पॅलेडियम पडला महाग. व्यवहारात चर्चा होते ती मुख्यतः एका लँथॅनममागे पाच निकेल अशा मिश्रधातूची. त्याचा हा गुण नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस चुंबकांवर काम चालू असताना ध्यानात आला. वजनाच्या जेमतेम १.४ टक्के हायड्रोजन त्यात मावतो.

धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू फुटतो आणि सुटे अणू स्फटिकाच्या पोकळ्यांत शिरतात. नायट्रोजन, आरगॉन, मिथेन बाहेरच राहतात. मात्र शोषण होण्यासाठी मिश्रणातल्या हायड्रोजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, त्या तापमानाच्या समतोल दाबाहून (ज्या दाबाला धातू हायड्रोजन जेवढा घेतो तेवढाच सोडतो) जास्त असावा लागतो. समजा, मिश्रण १० बार दाबाचे आहे आणि त्यात ६० टक्के हायड्रोजन आहे. समतोल दाब २ बार असेल, तर बाहेर जाणाऱ्या १० बारच्या वायूत २ बार हायड्रोजन उरतोच, म्हणजे इतर वायूंच्या चार भागांमागे एक; त्यामुळे सहा भागांपैकी पाचच हाती लागतात. सहावा बाहेर जाणाऱ्या वायूबरोबर निसटतो.

हा समतोल दाब तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो. लँथॅनम-निकेलसाठी तो २५ अंश सेल्सिअसला पावणेदोन बारच्या आसपास असतो. निफाडच्या थंडीत, ८ अंशांना, तो एका बारखाली उतरतो. नाशिकच्या मे महिन्यात, ४० अंशांना, तीन बारच्या वर जातो. म्हणजे तेच भांडे हिवाळ्यात अधिक हायड्रोजन पकडील आणि उन्हाळ्यात त्याला थंड पाणी द्यावे लागेल. शोषताना उष्णताही बाहेर पडते: एक किलो हायड्रोजनमागे सुमारे १५ मेगाज्यूल, म्हणजे बंबातले पन्नासेक लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. ती काढून घेतली नाही तर धातू तापतो आणि शोषण थांबते. पद्धतीची खरी डोकेदुखी रसायनापेक्षा ही उष्णता हलवण्यात आहे, कारण हायड्रोजन घेताना धातू सुमारे पाव पटीने फुगतो, तडकतो आणि काही मायक्रॉनची भुकटी होऊन बसतो. भुकटीतून उष्णता नीट वाहत नाही.

दुसरी अडचण अशुद्धींची. कार्बन मोनॉक्साइड पृष्ठभागाला चिकटून शोषण बंद पाडतो. तापवल्यावर धातू बहुधा सावरतो. हायड्रोजन सल्फाइडचा मार अधिक चिवट. ऑक्सिजन आणि बाष्पही आधीच गाळलेले बरे.

नाशिकच्या संदर्भात दोन मिश्रणे विचारात घेण्याजोगी आहेत. अंबड-सातपूरसारख्या अभियांत्रिकी वसाहतींतील भट्ट्यांना लागणारा संरक्षक वायू अमोनिया क्रॅकरमधून, म्हणजे अमोनिया तापवून फोडणाऱ्या यंत्रातून, मिळवता येतो. त्यात ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन निरुपद्रवी असल्याने हायड्राइडला हे मिश्रण सोयीचे; फक्त न फुटलेला अमोनिया आधी काढावा लागतो. दुसरे, एकलहरे औष्णिक केंद्रातील २१० मेगावॉटच्या संचांसारख्या जनित्रांतला शीतक हायड्रोजन. फिरत्या दांड्याभोवतीची फट बंद ठेवणाऱ्या तेलाबरोबर (सील ऑइल) त्यात हवा आणि ओल मिसळत जाते. शुद्धता साधारण ९७-९८ टक्क्यांच्या खाली घसरू नये म्हणून थोडा वायू सोडून नवा भरण्याची रीत आहे. सोडलेला वायू हायड्राइडने पकडता येईल, पण आधी ऑक्सिजन आणि ओल काढण्याचा खर्च आलाच.

मोठ्या प्रमाणावर ‘पीएसए’ पद्धत (दाब वाढवून-उतरवून इतर वायू शोषकावर अडवण्याची) स्वस्त पडते आणि तेल शुद्धीकरण कारखान्यांत तीच रुळलेली आहे. हायड्राइड शोभते ते लहान, स्वच्छ प्रवाहांत, किंवा ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, हाताळताना. तिथे युरेनियमची भुकटी वापरतात. हायड्रोजन घेऊन सोडलेली अशी भुकटी हवा लागताच पेटू शकते, त्यामुळे वापरलेले भांडे निष्क्रिय वायूखालीच उघडतात.