रॅम चुकते, एसएमपीएस दमतो

बेळगावच्या शहापुरातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणारा एक जुना कॉम्प्युटर आहे. डीडीआर-टू रॅम (चालू काम लक्षात ठेवणारी मेमरीची पट्टी), विंडोज एक्सपी, पानं जुळवायचा पेजमेकर, आणि मागे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात खोचलेलं फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं कुलूप. ते कुलूप नव्या मशीनला लागत नाही, म्हणून मशीन बदलायचा विषय निघाला की छापखान्याचे काका हात जोडतात. पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कानडी. दोन्हींच्या जुन्या फाईली त्याच डब्यात.

जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला आणि एका सकाळी पंखा फिरला, पण स्क्रीन काळी. मी रॅम काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. चालू झालं. डिसेंबरात पुन्हा तेच: पंखा फिरतो, स्क्रीन काळी. या वेळी काकांनी मला न बोलावताच खोडरबर घेतलं, रॅम घासली, आणि दोन-चारदा बटण दाबल्यावर मशीन चालू झालं. दुसऱ्या सकाळी परत रुसलं. तिसऱ्या सकाळी परत. आठवड्यात रॅमचे पाय सोनाराकडून उजळून आणल्यासारखे झाले, पण रोजचं रडगाणं काही संपेना.

"रॅमच गेली की रे. नवीन घेऊन ये."

रॅम गेली नव्हती. जूनचं दुखणं रॅमचं होतं, डिसेंबरचं एसएमपीएसचं, म्हणजे डब्यातल्या पॉवर सप्लायचं. लक्षण एकच, आणि गंमत म्हणजे औषधही एकच लागू पडल्यासारखं दिसत होतं. जुन्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त फसगत या दोघांत होते. 'मदरबोर्ड गेला' असं सांगून भंगारात निघालेली मशीनं मी पाहिली आहेत. त्यातल्या काहींना फक्त दुसरा एसएमपीएस हवा होता.

आधी पंख्याचं बघू, कारण काकांचा सगळा भरवसा त्याच्यावर होता. "फॅन फिरतोय की! मग पॉवर सप्लाय चांगलाच असणार." पंख्याला फक्त बारा व्होल्टची लाईन लागते, आणि ती सात-आठ व्होल्टवर आली तरी तो बिचारा फिरत राहतो. मदरबोर्ड मात्र एवढ्यावर हलत नाही. एसएमपीएसमधून त्याला पिवळ्या वायरवर १२, लालवर ५ आणि केशरी वायरवर ३.३ व्होल्ट लागतात, आणि तिन्ही नीट आले की करड्या वायरवर 'सगळं ठीक' असा इशारा लागतो. चांगला एसएमपीएस बटण दाबल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत हा इशारा देतो. तो आलाच नाही तर बोर्ड प्रोसेसरला उठूच देत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि आत कोणीही जागं नसतं. सीपीयू म्हणजे खरं तर प्रोसेसर, पण आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे हे समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते: सीपीयू चालू आहे पण सीपीयू चालू नाही!

रॅमच्या बिघाडात प्रोसेसर उठतो. उठून तो रॅम शोधतो, ती सापडत नाही, आणि मग तो बोंब मारतो. ही बोंब ऐकायला बोर्डावर छोटा स्पीकर जोडलेला हवा. पुष्कळ कॅबिनेटांत तो नसतो किंवा त्याची वायर निघालेली असते. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण जुन्या मशीनवाल्याने ती ठेवायलाच हवी. बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बायॉस, अवॉर्ड कंपनीचा असेल तर रॅम न सापडल्यावर लांब लांब बीप थांबून थांबून येत राहतात. म्हणून माझी पहिली परीक्षा उलटी असते: सगळी रॅम काढून टाकायची आणि बटण दाबायचं. बीप आल्या तर प्रोसेसर, बायॉस आणि निदान त्या क्षणापुरता एसएमपीएस जिवंत आहेत. मग संशय रॅमवर किंवा तिच्या खाचेवर. रॅम काढूनही मशीन मुकंच राहिलं तर रॅमला दोष देण्यात अर्थ नाही. ती तिथे नाहीच आहे. काकांच्या मशीनने डिसेंबरातल्या त्या सकाळी रॅमशिवाय हूं की चूं केलं नाही. जूनमध्ये हीच परीक्षा घेतली होती तेव्हा ते मोठ्याने ओरडलं होतं.

रॅम काढताना एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. मागची वायर आधी काढायची, मग एकदा बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची. मशीन बंद दिसत असलं तरी वायर लावलेली असेपर्यंत जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट चालूच असतात. तशातच रॅम उपटली तर जी चांगली होती तीही जाऊ शकते.

आता डिसेंबरात खोडरबराने मशीन चालू का होत होतं? खोडरबराचा त्यात काही हात नव्हता. एसएमपीएसच्या आत कपॅसिटर असतात, छोट्या डब्यांसारखे, त्यात ओलसर रसायन. वर्षांनुवर्षं गरम हवेत राहून ते सुकत जातं. सुकलेल्या कपॅसिटरचा आतला अडथळा वाढतो, आणि थंडीत आणखी वाढतो. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा १३-१४ वर येतो, तेव्हा असा एसएमपीएस पहिल्या हाकेला उठत नाही. दोन-चारदा बटण दाबलं, आत जरा ऊब आली, की उठतो. शिवाय काही गडबड जाणवली तर एसएमपीएस स्वतःला कुलूप घालून घेतो, आणि ते कुलूप वायर काढून परत लावली की सुटतं. काका रॅम घासायला वायर काढत होते, परत लावत होते, बटण पाच वेळा दाबत होते, आणि तोवर ऊनही वर येत होतं. श्रेय खोडरबराला.

जूनमध्ये मात्र खोडरबराचंच काम होतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तिथे रॅमचे पाय कसे कोरडे राहणार? दमट हवेने पायांवर थर बसतो आणि खाचेशी संपर्क तुटतो. घासा, पण पॉलिश पेपरने नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. साधं पांढरं खोडरबर, कडेला धरून, आणि चुरा बोर्डापासून लांब झाडायचा. खाचेतली धूळ कोरड्या ब्रशने. निपाणीकडच्या मशीनमधून तंबाखूची बारीक भुकटी निघते, उद्यमबागच्या फौंड्रीतल्या ऑफिसातून काळी, लोखंडाची. ही दुसरी जास्त वाईट, ती वीज वाहून नेते.

स्क्रीन येते पण मशीन मध्येच रिस्टार्ट होतं, ही दुसरी तक्रार. इथेही दोघांवर सारखाच संशय. मी विचारतो, काय झालं ते राहू दे, कधी झालं ते सांग.

एसएमपीएस ओझ्याखाली दमतो. सीडी लिहायला घेतली, मोठी फाईल प्रिंटला सोडली, गेम उघडला, की पडतो. किंवा बाहेर काही झालं की पडतो: वडगावात शेजारच्या यंत्रमागाने सुरुवात केली, खेड्यात थ्री-फेज आली आणि सगळे पंप एकदम सुरू झाले, व्होल्टेज बसलं. बहुतेक जुन्या एसएमपीएसना २३० च्या खुणेवर १८० व्होल्टच्या वर काहीतरी हवं असतं. (मागे लाल सरकबटण असेल तर ते ११५ वर नेऊ नका. व्होल्टेज कमी येतं म्हणून एकाने नेलं होतं. संध्याकाळी लाईट पूर्ण आली आणि सुतळी बॉम्ब फुटला.)

सगळ्यात बोलकी खूण यूपीएसची. लाईट जाताच घरगुती यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो, चांगला असेल तर १६-१७ मिलिसेकंद सहज काढतो. कपॅसिटर सुकले की साठा आटतो. मग लाईट गेली की यूपीएस टिकटिकत उभा आणि कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट! लोक यूपीएसची बॅटरी बदलतात. त्या यूपीएसवर दुसरं मशीन लावून बघा. ते टिकलं तर दोष यूपीएसचा नाही.

रॅमला यातलं काही लागत नाही. लाईट स्थिर, काम हलकं, तरी ती चुकते, कारण तिची चूक एखाद्या ठरावीक घरात असते आणि प्रोग्राम त्या घरात गेला की पाय घसरतो. आज पेजमेकर बंद पडेल, उद्या निळी स्क्रीन येईल, परवा झिप फाईल उघडताना सीआरसी एरर (फाईल खराब असल्याची तक्रार) येईल आणि तीच फाईल दुसऱ्या मशीनवर व्यवस्थित उघडेल. निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळा मजकूर आला, 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', 'मेमरी मॅनेजमेंट' वगैरे, तर माझं बोट रॅमकडे जातं. एसएमपीएस दमला की निळी स्क्रीन येण्याइतकाही वेळ मिळत नाही, दिवा विझल्यासारखं सगळं जातं. मात्र एक्सपीत 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण चालू असेल तर निळी स्क्रीन क्षणभर चमकून जाते आणि लोकांना वाटतं लाईटच गेली. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्डखाली, स्टार्टअप अँड रिकव्हरीत ती खूण आधी काढा आणि मगच निदान करायला बसा. विंडोज सेव्हनवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा नंबर) शून्य असेल तर बहुधा वीजच तुटली.

रॅमने मात्र गुपचूप एक वाईट काम केलेलं असतं. चुकलेला आकडा ती तसाच डिस्कवर लिहू देते. फाईल सेव्ह झाली असं दिसतं, आणि आत अक्षरं बदललेली. म्हणून रॅमचा संशय असताना विंडोज परत टाकायला बसू नये. नवं विंडोजही वाकडंच बसतं.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६+ हा फुकटचा प्रोग्राम आहे, सीडीवरून किंवा पेन ड्राईव्हवरून मशीन सुरू करून चालवायचा. रात्रभर सोडा. एक चूक आली तरी नापास, इथे काठावर पास नसतं. पण नापास कोण, हे लगेच ठरवू नका. मी स्वतः इथे एकदा तोंडघशी पडलोय. चुका आल्या, रॅम बदलली, नव्या रॅमवरही चुका आल्या.

एसएमपीएसच्या कपॅसिटरांनी काम सोडलं की सरळ विजेत लाटा उठतात, आणि लाटांवर बसलेली चांगली रॅमही चुकते. जुन्या बोर्डावर रॅमशेजारीही कपॅसिटर असतात, त्यांनीही हेच होतं. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या बोर्डांत खराब रसायनाच्या कपॅसिटरांची साथच होती; डोकं फुगलेलं, तपकिरी घाण बाहेर आलेली, टॉर्च मारला की दिसतात. मग चूक कोणाची हे पत्त्यावरून ओळखायचं. मेमटेस्ट चुकीच्या जागेचा पत्ता दाखवतो. दर वेळी तोच पत्ता किंवा त्याच्या जवळचा, आणि पट्टी दुसऱ्या मशीनमध्ये नेली तरी चुका तिच्याबरोबरच गेल्या, तर पट्टी खराब. पत्ते दर वेळी कुठल्या कुठे, कुठलीही पट्टी लावली तरी चुका, तर रॅमला सोडा, एसएमपीएस बदलून तीच परीक्षा परत घ्या.

मल्टिमीटर लावणार असाल तर मशीन कामात असताना लावा. हिरवी वायर काळीला जोडून रिकामा एसएमपीएस चालू करता येतो, आणि दुकानात तसं करून 'बघा, चालतोय' म्हणतात. रिकाम्या हाताने कोणीही चढ चढतो. बोर्ड, डिस्क जोडून, काम देऊन बघायचं: पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, केशरीवर साधारण ३.१४ ते ३.४६. याबाहेर गेला तर काढून टाका. आत असला तरी निर्दोष ठरत नाही, कारण लाटा साध्या मीटरवर दिसत नाहीत. म्हणूनच मी एक चांगला एसएमपीएस जवळ बाळगतो आणि बदलून बघतो. डबा उघडून कपॅसिटर बदलायचा मोह मात्र नवशिक्याने टाळावा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात.

दोन गोष्टी, ज्यांत मशीनचा बिघाड नसतोच. जुन्या घरात कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, तो बहुतेकदा अर्थिंग नसल्याचा परिणाम. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते. इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि एक्सपीत ४ जीबी रॅम टाकून सव्वातीनच दिसली तर रॅम परत करायला जाऊ नका, ३२ बिटी विंडोजला तेवढीच दिसते.

काकांना नवा एसएमपीएस बसवून दिला. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा, अंगावर मोठे वॅट छापलेला आणि हातात घेतला तर पिसासारखा हलका, तसला नव्हे. त्या सकाळी मशीन एका हाकेला उठलं. काकांनी तरी खोडरबर कीबोर्डशेजारीच ठेवलंय. "पाऊस यायचाय की अजून," म्हणाले.