देव्हाऱ्यातला ओमानाइट

व्हडल्या दिवाळीला आमच्या डिचोलीच्या घरी तुळशीचं लग्न होतं. वृंदावन रंगवलेलं, ऊस आणि दिंडा बांधलेला, आवळ्या-चिंचेच्या फांद्या खोवलेल्या आणि ताम्हनात नवरदेव शाळिग्राम. आमचा शाळिग्राम एका अंगाने फुटलेला आहे. शाळिग्राम फुटला तरी पूजेला चालतो, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच आहे. त्या फुटक्या बाजूने आतलं वळ्यावळ्यांचं चक्र स्पष्ट दिसतं. अकरा वर्षांचा भाचा ताम्हनावर वाकला आणि ओरडला, "मामा, हा तर ओमानाइट!" आजीने त्याला गप्प केलं. पण पोरगं बरोबर बोलत होतं.

त्याच्या दप्तरात रबर लावलेला पोकेमॉन कार्डांचा गठ्ठा असतो. त्यातला ओमानाइट म्हणजे शंखातून बाहेर डोकावणारा निळा, मोठ्या डोळ्यांचा जीव. तो बेतलाय अमोनाइटवर, म्हणजे नामशेष झालेल्या एका शंखवाल्या समुद्री प्राण्यावर, आणि शाळिग्रामातलं चक्र म्हणजेही अमोनाइटच. नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरात काली गंडकीच्या पात्रात हे गोटे मिळतात. साधारण १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. मेलेला अमोनाइट तळच्या काळ्या चिखलात रुतला, त्याच्याभोवती गाळ घट्ट होऊन गोटा झाला, आणि पुढे हिमालय वर आला तेव्हा समुद्राचा तळ डोंगरावर गेला. पुराणात विष्णू वज्रकीट होऊन दगड कोरतो. वृंदेच्या शापाने तो दगड होतो ती कथा तर तुळशीच्या लग्नाच्या मुळाशीच आहे. दगडात कुणीतरी जिवंत होतं, एवढं त्या कथा रचणाऱ्यांनी अचूक हेरलं होतं.

इतरांनीही आपापल्या परीने हेरलं. अमोनाइट हे नावच मेंढ्याच्या शिंगांच्या आमोन देवावरून आलंय. इंग्लंडात व्हिटबीला लोक म्हणत, हे संत हिल्डाने दगड केलेले साप. आणि सापाला डोकं हवं म्हणून कारागीर या दगडांवर डोकी कोरून विकत. जपानी चित्रकाराने डोळे आणि सोंडा काढल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

जपानलाच हे का सुचलं, त्याला कारण आहे. होक्काइदो बेट अमोनाइटांसाठी जगप्रसिद्ध. १९०४ मध्ये हिसाकात्सु याबे यांनी तिथल्या एका अमोनाइटला निप्पोनाइटिस हे नाव दिलं. याचा शंख नीट चकलीसारखा नाही, तर गुंता झालेल्या सुतळीसारखा. अशा वेड्यावाकड्या शंखांकडे बोट दाखवून कित्येक शास्त्रज्ञ म्हणत, हा वंश म्हातारा झाला होता, आकार बिघडत गेला आणि संपला. १९८८ मध्ये ताकाशी ओकामोतो यांनी गणिताने दाखवलं की तो गुंता काटेकोर नियमाने वळतो. आज निप्पोनाइटिस जपानच्या जीवाश्मशास्त्र परिषदेचं बोधचिन्ह आहे.

हे एवढं लांबवायचं कारण म्हणजे ओमास्टार, ओमानाइटचा मोठा अवतार. मूळ खेळातली माहिती सांगते की शंख जड झाल्याने त्याला भक्ष्य पकडता येईना, म्हणून तो नामशेष झाला. म्हणजे शास्त्राने टाकून दिलेली जुनी समजूत खेळात जिवंत राहिली. खरे अमोनाइट ३० कोटींहून अधिक वर्षं समुद्रात टिकले. त्याला बिघाड कोण म्हणेल? आणि ओमास्टारची ती दहशत बघा, काटेरी शंख, चोच, करकचून आवळणाऱ्या सोंडा. २०११ मध्ये बॅक्युलाइटिस या सरळ शंखाच्या अमोनाइटच्या जबड्यात क्ष-किरणांनी डोकावून पाहिलं तेव्हा सापडले ते प्लवकातले बारीकसारीक जीव. राक्षस फुटकळ खाण्यावर जगत होता.

थोडं कार्डांविषयी. पोकेमॉनचा व्हिडिओ गेम जपानात फेब्रुवारी १९९६ मध्ये आला, कार्डांचा खेळ त्याच वर्षी ऑक्टोबरात. 'फॉसिल' नावाचा ६२ कार्डांचा संच इंग्रजीत १९९९ मध्ये निघाला. त्यात एक साधं दगडाचं कार्ड आहे. ते टेबलावर पोकेमॉनसारखं ठेवायचं, ताकद फक्त १०, आणि त्याच्यावर ओमानाइट, काबुटो किंवा एरोडॅक्टिल चढवायचा. दगड मेला तर समोरच्याला बक्षिसाचं कार्डही मिळत नाही. मला हे फार आवडतं, खेळात दगड आधी दगडच असतो. काबुटो म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या खेकड्याला जपानीत काबुतोगानी म्हणतात, त्यावरून तो आला, आणि त्यात ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्याची थोडी छटाही आहे. तो 'खेकडा' खेकडा नाहीच, कोळी-विंचवांच्या जवळचा. आपल्याकडे तो ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आजही दिसतो.

व्हिडिओ गेममध्ये ओमानाइट आणि काबुटो यांच्या जीवाश्मांतला एकच निवडायचा असतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये इंटरनेटवर हजारो लोक एकाच वेळी एकच खेळ चालवत होते. त्या गोंधळात शंखाचा दगड निवडला गेला, आणि पिशवी उघडून त्याच्याकडे पुन्हा पुन्हा 'कौल' मागता मागता लोकांनी थट्टेथट्टेत त्याचा देव केला. भाच्याने हे सांगितल्यावर आजी म्हणाली, "मग आम्ही काय वेगळं करतो?"

यू-गी-ओ या दुसऱ्या जपानी खेळाच्या कार्डांत मात्र खरा खजिना आहे. २०१६ मध्ये त्यात 'पॅलिओझोइक' मालिका आली: अ‍ॅनोमलोकॅरिस, ओपाबिनिया, हॅलुसिजेनिया, मरेला, पिकाया. ही नावं चित्रकाराची नाहीत, शास्त्राची आहेत. १९०९ मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांना कॅनडाच्या डोंगरात बर्जेस शेल हा सुमारे ५१ कोटी वर्षांचा खडक सापडला. त्यात मऊ अंगाचे प्राणीही छापल्यासारखे टिकले होते. अ‍ॅनोमलोकॅरिस म्हणजे विचित्र कोळंबी, गोव्याच्या भाषेत वेगळंच सुंगट. १८९२ मध्ये जोसेफ व्हाइटीव्ह्स यांच्या हाती लागला तो त्याचा नुसता पुढचा पंजा. त्यांना वाटलं, बिनडोक्याचं सुंगट. अननसाच्या चकतीसारखं गोल तोंड वेगळं सापडलं, त्याला वॉलकॉट जेलीफिश समजले. हे सगळं एकाच घराण्यातल्या शिकाऱ्यांचं अंग आहे, हे हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये जुळवलं. नंतर तोही हिशेब थोडा बदलला, ते तोंड चुलतभावाचं निघालं.

ओपाबिनियाला पाच डोळे आणि पुढे पंजा असलेली सोंड. १९७२ मध्ये व्हिटिंग्टन यांनी त्याचं चित्र ऑक्सफर्डच्या सभेत दाखवलं तर शास्त्रज्ञ खो खो हसले. हॅलुसिजेनिया तर १९७७ मध्ये उलटा काढला गेला, पाठीवरच्या काट्यांवर चालणारा. १९९१ मध्ये तो सुलटा झाला, आणि पुढचं टोक कुठलं हे २०१५ मध्ये कळलं. यू-गी-ओच्या या मालिकेतली बहुतेक कार्डं मुळात सापळ्याची. वापरून झाली की ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे टाकलेल्या कार्डांच्या ढिगात, जातात. पुढे कुणी दुसरा सापळा टाकला की तिथून ती प्राणी होऊन उठतात, पाण्याच्या गटातले, १२०० ताकदीचे. पुरलेलं एक दिवस उठून बसतं, हा नियम कुणीतरी बर्जेस शेल डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिला असणार.

पोकेमॉनमध्ये अ‍ॅनोमलोकॅरिसवरून अनोरिथ आला. त्याचा पुढचा अवतार आर्माल्डो दोन पायांवर चालतो. खऱ्याला पाय नव्हते.

रेलिकँथ या पोकेमॉनची गोष्ट मात्र कार्डाहून सरस. तो सीलाकँथ मासा. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपला असं सगळे धरून चालले होते. २२ डिसेंबर १९३८ ला दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात संग्रहालयातल्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर ट्रॉलरवरची मासळी चाळायला गेल्या. ढिगाखाली त्यांना निळसर पर दिसला. दीड मीटरचा, सत्तावन्न किलोचा मासा! टॅक्सीवाला वासामुळे तो घ्यायला तयार नव्हता. ठेवायला थंड जागाही मिळेना. शेवटी मासा भुसा भरून टिकवावा लागला, आतडी फेकली गेली. लॅटिमर यांनी काढून पाठवलेल्या कच्च्या चित्रावरून जे. एल. बी. स्मिथ यांनी तो ओळखला. मालीम जेटीवर ट्रॉलर रिकामा होताना, खपत नाही ती मासळी बाजूला लोटली जाते तेव्हा, मला हा प्रसंग हटकून आठवतो.

लग्न लागल्यावर भाच्याने हट्ट धरला, खाणीच्या ढिगावर अमोनाइट शोधायला जाऊया. त्याची निराशा करावी लागली. अनमोड घाटातले काही खडक ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. आमच्या लोहखनिजाच्या थरांना भूशास्त्रात बिचोलीम, म्हणजे डिचोलीचंच, नाव आहे, आणि ते साचले तेव्हा समुद्रात शंख असलेला एकही प्राणी नव्हता. अमोनाइट हवे तर कच्छला किंवा तमिळनाडूत अरियालूरला जायचं. गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनचा बेसाल्ट थोडासा पोचलाय. ती लाव्हा ओतली जात होती त्याच काळात, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, अमोनाइट संपले.

मग दुसऱ्या दिवशी त्याला केरीच्या किनाऱ्यावर नेला. भरतीच्या रेषेत समुद्रफेस पडला होता, पांढरा, होडीसारखा. हे माणकीच्या, म्हणजे स्क्विडच्या, जातभाईचं पाठीतलं कवच. अमोनाइटही माणकीचेच नातलग, शंखातल्या कप्प्यांत वायू भरून तरंगणारे. समुद्रफेसही तेच काम करतो, फक्त अंगाच्या आत. त्याने तो मोडला, उन्हात तिरका धरला आणि नखाने एकेक पापुद्रा मोजू लागला. चाळिसाच्या पुढे गेल्यावर चुकला, मग पहिल्यापासून.