‘अँड आय ऑल्सो’ला नेमकं झालंय काय?

‘ही विल कम अँड आय ऑल्सो.’ हे वाक्य मी इतक्या ईमेलांत वाचलंय की आता दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. लिहिणाऱ्याला विचारावं तर उत्तर ठरलेलं: क्रियापद पुन्हा आलं की गाळायचं, असं शाळेत शिकवलं होतं. अर्धं खरं आहे ते. इंग्रजीत क्रियापद गाळायच्या दोन निराळ्या तऱ्हा आहेत, आणि आपण एकीचा नियम दुसरीला लावून मोकळे होतो.

पहिली तऱ्हा आपल्या घरचीच आहे. ‘मी चहा घेतला आणि दादाने कॉफी.’ इंग्रजीतही तसंच: ‘आय हॅड टी अँड माय ब्रदर कॉफी.’ मधलं क्रियापद गेलं, दोन्ही बाजूंचे शब्द जागेवर राहिले. याला गॅपिंग म्हणतात. मराठीत ‘मी चहा आणि दादाने कॉफी घेतली’ असं पहिल्या वाक्यातलं क्रियापदही गाळता येतं, इंग्रजीत ते चालत नाही. गाळण्याची दिशा त्या-त्या भाषेतल्या शब्दक्रमाशी बांधलेली असते, हे जॉन रॉबर्ट रॉस या भाषाशास्त्रज्ञाने १९७० मध्येच मांडलं होतं. बाकी गाळलेल्या जागी कॉमा हवा की नको, यावर लोक भांडतात. वाक्य लहान असेल तर नको, लांबलं तर द्या. विषय संपला.

दुसऱ्या तऱ्हेत मधलं काही जात नाही, शेपूट जातं. ‘आय हॅव पेड द बिल अँड सुधा हॅज टू.’ इथे ‘हॅज’ राहिलं आणि त्यापुढचं सगळं, कर्मासकट, गेलं. साहाय्यक क्रियापद नसेल तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आणून उभं करायचं: ‘आय ड्रिंक टी अँड माय ब्रदर डझ टू.’ आपल्याकडे याला जोड नाही. ‘जेवलास का?’ला आपण ‘जेवलो’ म्हणतो, मुख्य क्रियापदच परत उच्चारतो. इंग्रज मुख्य क्रियापद गिळून ‘येस, आय हॅव’ म्हणतो.

इथवर बहुतेकांना कळतं. पाय घसरतो तो पुढे: कोणती तऱ्हा कुठे चालते?

गॅपिंग फारच सोवळं आहे. त्याला ‘अँड’ किंवा ‘ऑर’सारखं, दोन वाक्यांना सारख्या पाटावर बसवणारं अव्यय लागतं. ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘ऑल्दो’, ‘व्हेन’ आलं की खेळ खलास. मराठीत ‘दादाने कॉफी मागवली म्हणून मी चहा’ सहज बोलतो आपण. तेच ‘आय हॅड टी बिकॉज माय ब्रदर कॉफी’ असं उतरवलं की वाक्य मोडतं. ‘हॅड’ परत लिहावंच लागतं. ‘मला वाटतं’ मध्ये घातलं तरी तेच. ‘आय हॅड टी अँड आय थिंक माय ब्रदर कॉफी’ चुकीचं, कारण दुसरं वाक्य आता ‘थिंक’च्या पोटात गेलं.

शेपूट गाळायला मात्र यातलं काहीच आडवं येत नाही. ‘आय विल साइन इफ यू डू.’ ‘शी लेफ्ट बिकॉज आय डिड.’ ‘आय पेड, अँड आय थिंक सुधा डिड टू.’ गाळलेलं आधी आणि पूर्ण वाक्य नंतर, असंही जमतं: ‘इफ यू कॅन, प्लीज कम अर्ली.’ एक बोलला आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, तरी चालतं.

आता आपलं मूळ दुखणं. ‘तू गेलास तर मीपण.’ मराठीत त्या ‘पण’वर अख्खं वाक्य तरून जातं. इंग्रजी ‘ऑल्सो’च्या अंगात तेवढं बळ नाही. तिथे भार साहाय्यक क्रियापदावर पडतो, म्हणून ‘इफ यू गो, आय ऑल्सो’ नव्हे, ‘इफ यू गो, आय विल टू’. आणि वरच्या ईमेलात ‘अँड आय विल टू’ किंवा ‘अँड सो विल आय’. मला दुसरं जास्त आवडतं, पण हट्ट नाही.

हट्ट आहे तो एवढ्यासाठी की दोन्ही तऱ्हा कालवू नका. ‘आय ड्रिंक टी अँड माय ब्रदर डझ कॉफी’ असं काही जण ऐटीत लिहितात. ‘डझ’ आणलंत तर कॉफी सोडा, कॉफी हवी तर ‘डझ’ सोडा. ‘दॅन’नंतर थोडी सूट मिळते, ‘शी ट्रीट्स हिम बेटर दॅन शी डझ मी’ चालतं, पण ते अपवादापुरतंच.

एक बारीकशी चूक भल्याभल्यांची होते. शेपूट गाळल्यावर वाक्याच्या टोकाला उरलेलं साहाय्यक क्रियापद आखडता येत नाही. ‘ही इजंट कमिंग, बट आय ॲम’ असं पूर्ण म्हणायचं, ‘बट आय्म’ असं आवळून नाही.

आणि ‘दॅन’चा विषय निघालाच आहे तर: ‘मीना लव्हज द डॉग मोर दॅन हर हजबंड.’ नवऱ्याचं कुत्र्यावर कमी प्रेम आहे, की मीनाचं नवऱ्यावर? पहिला अर्थ हवा असेल तर शेवटी एक ‘डझ’ टाका.